भिंत आत वाढते

३ मार्च

मास्तरीणबाई,

तुझं पत्र पोचलं. चार पानं लिहिलीस, त्यातली तीन फुकट. माझे हात दिवसभर रक्तापाण्यात असतात, मला एवढं वाचायला सवड नाही. यापुढे मुद्द्याचं लिहीत जा. अक्षर मात्र मोत्याचे दाणे. त्यानं अजून कुणाचं पोट भरलेलं मी बघितलं नाही.

तर तुझं म्हणणं असं, की बारक्याला जिना चढताना धाप लागते म्हणून तू त्याला मोठ्या दवाखान्यात नेलंस. तिथे डॉक्टरनं छातीवर थंडगार काहीतरी फिरवून पडद्यावर त्याचं हृदय बघितलं आणि सांगितलं, डाव्या बाजूची भिंत जाड झाली आहे. तेव्हापासून तू डोळे पुसत बसली आहेस आणि माझा धाकटा भाऊ, चांगला धडधाकट गडी, बर्फाच्या कारखान्यातलं काम सोडून खाटेवर उताणा पडून अळणी गिळतोय.

अगं बाई, डावी भिंत जाडच असते!

हे तुला शाळेत शिकवलं नसेल तर मी शिकवते. तुझे दुधाचे दात पडायचे होते तेव्हापासून मी ह्या बाजारात मागच्या ओट्यावर बसते आहे. रोज टोपलीभर हृदयं येतात, बकऱ्याची, मेंढ्याची, डुकराची. आम्ही त्याला दिल म्हणतो, पण ते गाण्यातलं नव्हे. हे नळाखाली धरून आतल्या गुठळ्या बोटानं खरवडाव्या लागतात. सुरी घालून उघडलं की चार खोल्या दिसतात. वरच्या दोन नुसता पापुद्रा. त्यांना काम काय, तर वरचं खाली ओतायचं, त्याला कसली ताकद लागते? खालची उजवी चपलेच्या तळाएवढी जाड. तिचं काम फुप्फुसात रक्त ढकलायचं, आणि फुप्फुस तर तिला खेटूनच बसलेलं. शेजारणीला कठड्यावरून वाटी द्यावी, तेवढंच. आणि खालची डावी? अंगठ्याएवढी जाड. सुरी अडते. का नाही अडणार? शिंगाच्या टोकापासून शेपटीपर्यंत सगळीकडे रक्त तिनं एकटीनं फेकायचं असतं. तळमजल्याच्या पंपानं चौथ्या मजल्याच्या टाकीत पाणी चढवावं तसं. एका घरात दोघी राहतात, एक वाटी देते, एक हंडे चढवते. आपल्या घरात कोण कुठली ते तुझं तू समजून घे.

नळ्यांचंही तेच. डावीतून निघते ती नळी ताठ, कापली तरी तोंड उघडं ठेवून उभी, कारण दर ठोक्याचा मार तीच खाते. ती मी कुत्रेवाल्यांना विकते, कुत्री तासभर चावत बसतात. आणि परत येते ती नळी लुळी. तिच्यातून रक्त आपलं रमतगमत येतं, धक्का नाही की दणका नाही. कापली की ओल्या चिंधीसारखी चिकटते. ती मी टाकून देते.

तेव्हा जो मार खातो तो जाड होतो. गोठ्यात बांधून फुगवलेल्या मेंढ्याचं दिल पिवळं, मऊ, आणि डोंगर चढून चरणाऱ्याचं घट्ट. गिऱ्हाईक बोटानं दाबून बघतं आणि घट्ट तेच उचलतं. तुझ्या डॉक्टरनं बारक्याला शाबासकी द्यायची, तर गोळ्या दिल्या. आणि तू अशी शहाणी, की त्या मोजून चारतेस.

त्याला माझ्याकडे पाठव. माझा हमाल मुकादमाशी भांडून निघून गेला, गाडीतून उतरलेली धडं चढणीवरून ओट्यापर्यंत सध्या मीच ओढते. पण ते जाऊ दे, मी त्यासाठी म्हणत नाही. बारक्याच्या भल्यासाठी म्हणते.

नणंद


११ मार्च

वन्सं, नमस्कार.

तुमचं पत्र मी यांच्यापासून लपवणार होते, पण ते माझ्या आधी दारात गेले आणि तिथेच उभ्यानं वाचलं. वाचता वाचता हसले. कित्येक महिन्यांत मी यांना हसताना बघितलं नव्हतं. मग आरशासमोर जाऊन छातीवर हात ठेवून उभे राहिले आणि मला म्हणाले, "ऐकलंस का? अक्का म्हणते माझं दिल डोंगरावरच्या मेंढ्याचं आहे." तेव्हाच मला कळलं की आता हे थांबणार नाहीत.

तुमचं ज्ञान खोटं आहे असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही हेच सांगितलं, की डावी बाजू मुळात जाडच असते. पण यांची आहे त्याहून जाड झाली आहे. यांच्या धमन्या, म्हणजे तुमच्या ताठ नळ्या, आवळल्यासारख्या झाल्या आहेत. त्यांच्याविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाला रात्रंदिवस जास्त जोर लावावा लागतो, म्हणून भिंत वाढली. आणि वन्सं, ती भिंत बाहेर वाढत नाही, आत वाढते. डॉक्टरांनी मला टेबलावरच्या खोक्याला आतून पुठ्ठे लावून दाखवले. खोकं बाहेरून तेवढंच, आत जागा उरत नाही. मग त्यात रक्त मावायचं किती आणि बाहेर जायचं किती?

आता हे येतातच आहेत तर दोनच गोष्टी सांभाळा. ओझं उचलू देऊ नका, हिशोब, विक्री, सुऱ्यांना धार लावणं, काहीही द्या. आणि सकाळी एक पांढरी गोळी, अर्धी पिवळी. मी पाकिटातून काढून डब्यात भरून दिल्या आहेत, कारण पाकिटं दिसली की यांना आजारी असल्यासारखं वाटतं. संपायच्या आत पुढच्या पाठवते.

तुमच्या भरवशावर पाठवते आहे.

तुमची भावजय


२ एप्रिल

मास्तरीणबाई,

तुझा नवरा पोचला, जिता आहे, आणि तुझ्या घरी होता त्यापेक्षा जास्त जिता आहे.

आला तेव्हा बघवत नव्हता. गाल ओघळलेले, चालणं नव्या नवरीसारखं. पहिल्या दिवशी चढणीवर अर्ध्यात बसला. मी म्हटलं, "उठ रे बर्फातल्या माशा." दुसऱ्या दिवशी पाऊण. आता एक धड खांद्यावर टाकतो आणि थेट ओट्यावर आणून आपटतो. धाप लागते, लागू दे. घाम येतो, येऊ दे. काम करणाऱ्याला घाम येतो आणि बसणाऱ्याला शंका.

मी सगळ्या बाजाराला सांगितलं आहे की डॉक्टरनं पडद्यावर बघून सांगितलं, असं जाड दिल लाखात एखाद्याचं. खाटीक येतात आणि त्याचा दंड दाबून बघतात. त्याला पैलवान म्हणतात. ज्याला जन्मभर सगळे बारक्या म्हणाले, अगदी तूसुद्धा माझ्यादेखत म्हणाली आहेस, त्याला पैलवान. मान कशी वर करून चालतो, एकदा येऊन बघ. नको, येऊ नकोस.

गोळ्यांचं म्हणशील तर त्या खाल्ल्या की त्याला चक्कर यायची आणि दर घटकेला मोरीत पळायचा. मी त्याला विचारलं, ह्या कशाच्या? तर म्हणे, दाब कमी करायच्या. आता तूच सांग. नळाचा दाब कमी झाला तर चौथ्या मजल्यावर पाणी चढतं का? बोंबलत खाली यावं लागतं बादली घेऊन. मग ह्याच्या डोक्यापर्यंत रक्त चढायचं कसं? चक्कर येणार नाही तर काय होणार! डबा मी ओट्याखालच्या गटारात रिकामा केला. डबा चांगला आहे, त्यात मीठ ठेवलं आहे.

तुझी पत्रं इथे गाळ्याच्या पत्त्यावर येतात, ती मी त्याला देत नाही. रोज विचारतो. मी म्हणते, तिला वेळ कुठे. उगाच ते रडगाणं वाचून पुन्हा खाटेवर पडायचा.

नणंद


९ एप्रिल

वन्सं,

तुम्ही हे काय केलंत? त्या गोळ्या अशा एकाएकी बंद करायच्या नसतात. चक्कर आली तर मला कळवायचं होतं, डॉक्टर मात्रा कमी करतात, बदलून देतात. नळातलं पाणी आणि माणसाचं अंग एक नव्हे. दाब कमी केला तर रक्त चढायचं थांबत नाही, ढकलणाऱ्याचे श्रम वाचतात. तुम्ही हमालाच्या डोक्यावरचं ओझं हलकं करता, तेव्हा तो आळशी होतो का?

हे पत्र यांच्या हातात द्या. मी तुमच्या पाया पडते. रविवारी शाळेला सुट्टी असते, मी स्वतः येते आणि यांना घेऊन जाते. गोळ्या बरोबर आणते.

भावजय


१४ एप्रिल

मास्तरीण,

येऊ नकोस. येशील तर बाजारात सगळ्यांसमोर तमाशा होईल आणि तो मीच करीन, मला ओळखतेस.

तुला खरं ऐकायचं आहे ना, तर ऐक. काल जेवताना बारक्या आपणहून म्हणाला, "अक्का, मला परत जायचं नाही. तिच्या घरात मला मेल्यासारखं वाटायचं. सकाळी उठलो की आधी गोळी पुढे करायची आणि मग तोंड दाखवायची." हे त्याचे शब्द, माझे नाहीत. मी मध्ये बोललेसुद्धा नाही, तोंडात घास होता.

बरोबरच आहे त्याचं. तुला मूल झालं नाही म्हणून तू नवऱ्यालाच पाळण्यात घातलंस. हलवत बसलीस. तो आता पाळण्यातून उतरला आहे. तू तुझ्या वर्गातली पोरं सांभाळ.

नणंद


२० जून

मास्तरीणबाई,

दोन महिने झाले, तुझं पत्र नाही. आली नाहीस ते बरं केलंस असं तेव्हा वाटलं होतं.

एक विचारायचं आहे. आधी काय झालं ते सांगते.

गेल्या आठवड्यात एक मेंढा आला. थोराड, शिंगं वेटोळ्याची, पण गाडीतून पायानं उतरला नाही, दोघांनी ओढत उतरवला. त्याचं दिल माझ्या हातात आलं आणि मी खूश झाले. काय वजन! काय घट्ट! मी बारक्याला हाक मारली, म्हटलं, बघ, तुझा भाऊ आला. त्याच्यासमोर सुरी घातली. डावी भिंत कापता कापता मनगट दुखलं. अंगठा नव्हे, दोन अंगठे. आणि आतली खोली शोधते तर सापडेना. मला वाटलं सुरी चुकली. मग फट दिसली. बोट घालून गुठळी काढायला गेले तर माझं बोट जाईना. करंगळी घातली, तीही पहिल्या पेरापाशी अडली. वर बाहेर पडायच्या तोंडाशी ताठ नळी जन्मतःच आवळलेली, गाठ मारल्यासारखी. बिचारं त्या गाठीतून रक्त ढकलून ढकलून जाड झालं होतं. इतकं जाड, की ढकलायला आत रक्तच मावत नव्हतं. म्हणून तो पायानं चालू शकत नव्हता.

इतक्या वर्षांत असली दिलं मला आली नसतील असं नाही. गिऱ्हाइकाला मांस जास्त मिळतं, ते खूश, मी खूश. खोली किती मोठी ते कशाला कोण बघतंय?

भिंत आत वाढते. तू लिहिलं होतंस. पुठ्ठे लावलेलं खोकं.

बारक्याला मी फट दाखवली. तो म्हणाला, "वा! एवढंसुद्धा वाया गेलेलं नाही, नुसतं मांस!" आणि गेला. हल्ली तो दोन दोन धडं एकदम उचलतो, लोकांनी टाळ्या पिटाव्यात म्हणून. ओठ निळसर दिसतात. मी म्हटलं, एकच घे. तर हसतो. म्हणतो, "अक्का, तूच म्हणालीस ना?" दवाखान्यात चल म्हटलं तरी तेच, तूच म्हणालीस ना. मी एकटीच जाऊन इथल्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, माणूस आणा, नाहीतर निदान कुठली गोळी चालू होती ते नाव आणा, म्हणजे काहीतरी देता येईल. पाकिटं तू काढून घेतली होतीस.

तर गोळीचं नाव कळव. आणि त्याला बोलावून घे. माझं ऐकायचा तो थांबला आहे, म्हणजे नको तेवढंच ऐकतो. तू बोलावलंस तर येईल. ह्या वेळी पत्र मी त्याच्या हातात देईन.

लवकर लिही.

नणंद


१२ जुलै

वन्सं, नमस्कार.

तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. वर्गाच्या चाचण्या होत्या, वह्या तपासायच्या होत्या. तुम्हीच म्हणालात, वर्गातली पोरं सांभाळ.

तुमचं मागचं पत्र मी जपून ठेवलं आहे. मुद्द्याचं होतं. सकाळी आधी गोळी आणि मग तोंड, हे यांचे शब्द मी रोज सकाळी उठल्यावर आठवते. तेरा वर्षांच्या संसारात यांनी मला असं कधी बोलून दाखवलं नाही, पण बहिणीजवळ मन मोकळं होतं माणसाचं. ज्यांना माझ्या घरात मेल्यासारखं वाटतं त्यांना मी कुठल्या तोंडानं बोलावू? तुमच्याकडे ते जिवंत आहेत. राहू द्या.

गोळीचं नाव तुम्ही विचारलंत. गोळ्या तुम्ही गटारात टाकल्यात, गटाराला विचारा. नाहीतर तिथल्या डॉक्टरांना नळाचं आणि चौथ्या मजल्याचं समजावून सांगा, त्यांनाही शिकायला मिळेल.

परत येणारी लुळी नळी तुम्ही टाकून देता, असं तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. लुळं पडलेलं तुम्हाला नको असतं, हे मी तेव्हाच समजायला हवं होतं.

यांना पैलवान झाल्याबद्दल माझ्यातर्फे शाबासकी सांगा.

तुमची भावजय


१६ ऑगस्ट

वन्सं,

यांना नेलं त्या दिवशी तुम्ही खोलीच्या एका टोकाला उभ्या होतात आणि मी दुसऱ्या. यांचं सामान तुम्ही कुणाबरोबर तरी पाठवलंत, तेही पोचलं. गाळ्यातले रबरी बूट चुकून त्यात आले आहेत.

मी रडगाणं लिहीत नाही. मला एकच विचारायचं आहे आणि तुम्ही खरं सांगाल असं मला वाटतं, कारण आता खोटं बोलून तुम्हाला काही मिळायचं नाही.

मला परत जायचं नाही असं हे खरंच म्हणाले होते का?

भावजय


२३ ऑगस्ट

मास्तरीणबाई,

विचारलंस ते शेवटी सांगते. आधी दिवस सांगते, कारण तो तुला कुणी नीट सांगितला नसणार. लोक मयताच्या घरी गोड बोलतात.

तुझं ते शाबासकीचं पत्र आलं. वाचलं आणि मला कळलं की आता जे काय करायचं ते मलाच करायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली, बाजार भरलेला. बारक्यानं एक धड खांद्यावर घेतलं. मी चढणीच्या वरच्या टोकाला उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडले, "खाली ठेव ते. तुझं दिल बिघडलेलं आहे. जाड म्हणजे मजबूत नव्हे, मी चुकले. उद्यापासून हा एक टोपलीसुद्धा उचलणार नाही." मला वाटलं, मीच चढवला, मीच उतरवते. जसा चढवला तसा, सगळ्यांसमोर.

खाटीक हसले. एकजण म्हणाला, "काय पैलवान, पंक्चर?" दुसरा म्हणाला, "अरे, हात लावू नका, फुटेल."

बारक्या मात्र माझ्याकडे बघत होता. मला म्हणाला, "अक्का, नवा हमाल मिळाला वाटतं तुला?"

म्हणजे त्याला वाटलं, मला दुसरा माणूस मिळाला म्हणून मी ह्याला हाकलते आहे. आणि असं वाटायला त्याला जागा होती, कारण मी त्याला हमालीसाठीच बोलावला होता, हे तो तुझ्या-माझ्यापेक्षा आधी समजून होता. तरी आला होता. मी नाही म्हणेपर्यंत त्यानं वाकून दुसरं धड दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग तिथल्या दोघांना म्हणाला, अजून एक ठेवा वर. त्यांनी ठेवलं. हसत होते.

चढणीच्या मध्यावर तो बसला. पडला नाही, नीट बसला, जसा पहिल्या दिवशी बसला होता. मी म्हटलंसुद्धा, "उठ रे." मग धडं त्याच्या अंगावर कलली. लोकांनी आधी धडं उचलली आणि त्याला नंतर. धडं मातीत पडली आहेत, उचला, असं मीच ओरडले. सवय आहे तोंडाला.

पोलिसांनी त्याला चिरायला नेलं. तिथला चिरणारा माझं गिऱ्हाईक, कुत्र्यासाठी ताठ नळ्या नेतो. मी म्हटलं, मला दाखव. तो म्हणाला, बाई, तुम्ही सख्खी बहीण. मी म्हटलं, माझा धंदा आहे हा. दाखवलं नाहीच त्यानं. मग बोटांनी सांगितलं. अंगठा आणि तर्जनी लांब धरली, भिंत एवढी. मी विचारलं, आणि आत? त्यानं करंगळीचं नख दाखवलं.

आता तुझं उत्तर. नाही. बारक्या तसं म्हणाला नव्हता. गोळी आणि तोंड ते सगळं मी माझ्या मनानं लिहिलं, आणि चांगलं जमलं होतं असं मला तेव्हा वाटलं. जेवताना तो एवढंच म्हणाला होता, "मास्तरीण चिडली असेल. मीच जाऊन येऊ का दोन दिवस?" मी म्हटलं, गाडीचा दिवस आहे, नंतर बघू.

तू विचारलंस म्हणून सांगितलं. आता माझं ऐक. गोळीचं नाव मी मागितलं होतं, तुला पाठ होतं, तू दिलं नाहीस. वह्या तपासत बसलीस. माझं पारडं खाली जाईल हे मला कळतं, पण तुझं काही रिकामं नाही.

पुढचं मुद्द्याचं. हमाल अजून मिळालेला नाही. माझी मनगटं आता सुरी घट्ट धरत नाहीत. दिलं धुवायला, गुठळ्या काढायला माणूस हवा, आणि तुझा हात बारीक आहे, आत जाईल. तुझं तिथे आता कोण आहे? दुसऱ्यांची पोरं. ती संध्याकाळी आपापल्या घरी जातात. इथे वर माळा आहे, बारक्या निजायचा तो. गोधडी धुतलेली नाही, तुला धुवायची असेल तर तू धू. मी तुला बोलावते आहे असं समजू नकोस, मला माणूस हवा आहे. रडायचं असेल तर तिथे रडून ये, इथे ओट्यावर पाणी कमी असतं.

येताना जुनी चप्पल घाल. ओट्याजवळ निसरडं असतं.

नणंद


३१ ऑगस्ट

वन्सं,

पत्र पोचलं. दोन वेळा वाचलं. तिसऱ्यांदा वाचणार नाही.

गोळीचं नाव तुम्हाला मी अजूनही सांगणार नाही. तुमच्याकडे आयुष्यभर ते नसावं.

वर्गाला नवीन बाई मिळाल्या. मी सोमवारी येते. मी दिलं धुवीन, चिरीन, नळ्या वेगळ्या करीन. आतली खोली किती मोठी ते प्रत्येक वेळी बोट घालून बघीन आणि तुम्हाला मोठ्यानं सांगीन. उचलणार मात्र काही नाही. गाडीतली धडं तुम्ही वाहायची. चढणीवर मी तुमच्याकडे बघत उभी राहीन. तुमची भिंत जाड आहे.

जुनी चप्पल माझ्याकडे नाही. यांच्या सामानात आलेले ते रबरी बूट घालून येते. मोठे होतात, पुढे चिंध्या कोंबल्या आहेत. काल घरभर चालून बघितलं. पडत नाहीत.

भावजय